दाजींबरोबर पाहिलेला दुसरा भाग

पिक्चर मला आवडला होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सरळ सांगितलेली नाही, म्हणून आधी तीच सांगून मोकळा होतो. नुसता आवडला नव्हता, मधे दोनदा मी शिट्टीही मारली होती. आणि तेव्हा मी कुणी कॉलेजकुमार नव्हतो. अठ्ठावीस वर्षांचा, जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कायम झालेला, लग्नासाठी मुली बघणं चालू असलेला माणूस होतो.

पहिला भाग येऊन दहा वर्षं झाली होती. तो मी आणि माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, मिळून पाहिला होता. तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. बाबांना सांगितलं होतं की वह्या आणायला चाललो. त्या हिरोचा एक फोटो तिनं कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवला होता, आणि बाबांनी तो पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं. दुसरा भाग येईपर्यंत हिरोचं पोट सुटलं होतं, ताईचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती आणि तिला पाच वर्षांची मुलगी होती.

दुसरा भाग यायच्या आधीच्या हिवाळ्यात हिरोची भानगड पेपरात आली. कुणाच्या तरी लग्नाहून निघताना, गाड्या लावल्या होत्या तिथंच, त्यानं बायकोला मारलं. तिच्या कपाळाला टाके पडले. तिनं तक्रार दिली, आठवड्यानं मागे घेतली, आणि हा हात जोडून हसत म्हणाला की घरातली गोष्ट घरात मिटली. पिक्चर उन्हाळ्यात लागणार होता. मस्तगडच्या कोपऱ्यावरच्या पोस्टरला कॉलेजच्या पोरींनी काळं फासलं, तर टॉकीजवाल्यांनी दुसऱ्या दिवशी त्यावरच नवं पोस्टर चिकटवलं. पेपरात दोन्ही बाजूंची पत्रं येत होती. आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतही यावर वाद चालायचा, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचो की असल्या माणसाच्या पिक्चरला मी फुकटातही जाणार नाही.

हे म्हणायला मला कारण होतं. चैत्रात ताई घरी आली होती, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घेऊन.

दाजींचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, राजूरच्या पुढं एका गावात खताचं दुकान होतं. शेतीही होती. बोलायला गोड माणूस. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची नावं त्यांना पाठ होती, आणि आल्यावर ते प्रत्येकाच्या गुडघ्याची चौकशी करायचे. ताईनं गल्लीला सांगितलं की ओसरीवरून पाय घसरला. खरं काय ते तिनं आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगितलं, आणि बाबांनी मला. माझ्यापर्यंत येईतो त्यातलं बरंच गळून गेलं होतं. मला कळलं ते इतकंच की भांडण झालं, दाजींनी हात उगारला आणि ती उंबऱ्यावर पडली. ताईला मी स्वतः काही विचारलं नाही. तिनं सांगितलं असतं. मला ऐकायची लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

एकदा बाबा पेपर वाचताना हिरोच्या बातमीवर म्हणाले, "मोठ्या लोकांच्या भानगडी."

ताई डाव्या हातानं शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मोठ्यांच्या काय अन् बारक्यांच्या काय. सारख्याच ऱ्हातात." बाबांनी पान उलटलं आणि बाजारभाव वाचायला घेतले.

वैशाखात प्लास्टर निघालं, आणि दाजींच्या चुलत्यांचा निरोप आला की आता बसून मिटवून टाकू. आमच्यात अशा वेळी बैठक होते. दोन्हीकडचे चार मोठे लोक बसतात, चहा होतो, मुलीच्या बापाला समजावतात, जावयाला दोन शब्द सुनावतात आणि मुलगी परत जाते. मुलगी बैठकीत नसते. ती स्वयंपाकघरात असते. तिच्या बाजूनं बोलायचं ते बापानं आणि भावानं. भावाचं तर खास असतं, कारण लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान त्याचा. होमाजवळ नवरदेवाचा कान धरून त्याला बजावायचं की माझ्या बहिणीला नीट सांभाळ, आणि बदल्यात कापड घ्यायचं. मलाही सफारीचं कापड मिळालं होतं, आणि कान मी इतका हळू पिळला होता की दाजी हसून म्हणाले होते, जरा जोर लावा, फोटोत दिसायला पायजे.

बैठकीच्या दोन दिवस आधी ताई मला गच्चीवर म्हणाली, "मला तिकडं जायचं न्हाई. बाबा बोलणार न्हाईत, ते मला माहीत हाय. तू बोल."

"बोलतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"अगं बोलतो म्हणलं ना."

मी खरंच बोलणार होतो. मनात वाक्यंही जुळवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बैठकीच्या आदल्या दिवशी, दाजी कंपनीच्या फाटकाशी उभे. डोक्याला रुमाल, हातात मोसंबीची पिशवी. मला वाटलं, बोलायला आलेत, आणि मी चेहरा कडक केला. ते म्हणाले, "मेव्हणे, उद्या तर समदे मिळून मला झोडणारच हायेत. आज जरा माणसात येऊ द्या. चला, तीनचा खेळ टाकू."

मे महिना म्हणजे आमचा सुगीचा काळ. पेरण्या तोंडावर आलेल्या, पोत्यांची थप्पी लागलेली. प्रयोगशाळेत आजारी माणूससुद्धा रजा घेत नाही. मी अर्ध्या दिवसाची घेतली. का घेतली, याची उत्तरं मी वेगवेगळ्या वेळी स्वतःला वेगवेगळी दिलीत. जावयाला फाटकावरून हाकलायचं कसं, हे एक. त्यांच्या तोंडून ऐकून घेऊ म्हणजे उद्या बोलायला बरं, हे दुसरं. खरं उत्तर असं की मला पिक्चर बघायचा होता. महिनाभर त्याला शिव्या देताना प्रत्येक पोस्टर मी नीट निरखून घेतलं होतं.

टॉकीजमध्ये कूलर फक्त आवाज करत होता. बसलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. पहिल्या पाच मिनिटांत हिरो मालगाडीच्या टपावरून मोटरसायकल पळवत आला आणि मी गर्मी विसरलो. मग ताईही विसरलो, हेही लिहून टाकतो. काय एकेक मारामारी होती. पहिल्या भागातला लंगडा खलनायक यात दोन्ही पायांनी चालत होता, त्याचं कारण कुणी दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. हिरो चाळिशी ओलांडलेला, दम लागलेला दिसत होता, पण तो दम लागल्यावर असा काही हसायचा की अख्खी टॉकीज त्याच्या बाजूनं व्हायची. कागदाचे कपटे उडत होते. मी पहिली शिट्टी तिथं मारली. दाजींनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं आणि स्वतःही दोन बोटं तोंडात घातली.

मध्यंतरात त्यांनी गोटी सोडा आणला. बाटली हातात दिली आणि बाहेरच्या उन्हाकडं बघत म्हणाले, "तुमच्या ताईच्या अंगावर माझा हात पडला, ते खोटं न्हाई. एकदाच. त्या दिवशी डोकं फिरल्तं. तवापासून मला जेवण गोड लागून न्हाई राह्यलं."

त्यांचा आवाज खरंच बसला होता. मी म्हणालो, "जाऊ द्या दाजी."

हे जाऊ द्या म्हणायचा अधिकार मला कुणी दिला होता, ते मला अजून सापडलेलं नाही. सोडा गार होता आणि माझ्याहून वयानं मोठा माणूस माझ्यापुढं पडतं घेत होता. आत घंटा वाजली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

उत्तरार्धात हिरो जळत्या कारखान्यातून बायकोला खांद्यावर घेऊन बाहेर येतो. तिला खाली ठेवतो आणि शर्टाच्या बाहीनं तिच्या कपाळावरचं रक्त पुसतो. टॉकीज शांत झाली होती. तेवढ्यात पुढच्या रांगांतून कुणीतरी ओरडलं, "अन् घरी कोण पुसून राह्यलं रे?"

सगळे फुटले. मी हसलो. दाजीही हसले, माझ्या मांडीवर थाप मारून हसले. तो विनोद कशावर आहे हे दोघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही एकाच वेळी हसत होतो. मला वाटलं की काहीतरी बोलावं लागेल, निदान हसू थांबवावं लागेल. पण पडद्यावर हिरो उठला, त्यानं बाह्या सरसावल्या, आणि मी दुसरी शिट्टी मारली.

शेवटी हिरो मुलीला भेटतो तेव्हा दाजींनी रुमालानं डोळे पुसले. ते मी अंधारात नीट पाहिलं. आणि मनाशी म्हणालो, हा माणूस वाईट नाही.

माझं काम काय होतं ते इथं सांगायला हवं. पोत्यात टोकदार नळी खुपसून बी काढायचं, ओल्या कागदात गुंडाळायचं आणि आठवड्यानं किती उगवलं ते पाहून अख्ख्या लॉटला पास करायचं की नाही ते ठरवायचं. नमुना वरून, मधून आणि बुडातून असा तिन्हीकडून घ्यायचा असतो. वरचं बी चांगलंच दिसतं. नवी पोरं आळशीपणानं वरूनच मूठ भरायची आणि मी त्यांना चांगला फैलावर घ्यायचो. दाजींच्या बाबतीत मी वरची मूठ उचलली आणि लॉट पास केला.

बाहेर पडल्यावर मला घरची आठवण झाली. म्हणालो, "दाजी, आपण पिक्चरला गेल्तो ते घरी सांगू नका."

"बिलकुल न्हाई," ते म्हणाले. मोसंबीची पिशवी माझ्या हातात दिली आणि चुलत्यांकडं मुक्कामाला गेले. मी घरी सांगितलं की मोसंबी मंडईत स्वस्त मिळाली.

बैठकीच्या दिवशी नेमका नळ आला. त्या उन्हाळ्यात जालन्यात पाणी बारा-पंधरा दिवसांनी यायचं, आणि आलं की बाकी सगळं सोडून भरायला लागायचं. पुढच्या खोलीत सतरंजीवर बाबा, माझे मोठे काका, दाजी, त्यांचे चुलते आणि त्यांच्या गावचे एक पोलीस पाटील बसले होते. मागच्या अंगणात ताई आणि आई हंडे भरत होत्या. ताईचा हात प्लास्टरमधून निघून आठवडाही झाला नव्हता, तरी ती घागर डाव्या कमरेवर घेऊन ये-जा करत होती. तिच्याबद्दल आत बोलणं चाललं होतं आणि मधूनमधून पाण्याचा आवाज येत होता.

चुलते दाजींना रागावले. दाजी मान खाली घालून बसले. काका म्हणाले, लेकरू हाय, संसार हाय. बाबा म्हणाले, पोरगी आपल्या घरी सुखात ऱ्हावी, आणखी आमचं काय मागणं हाय. मग पोलीस पाटील माझ्याकडं वळले. "कान तुम्ही पिळलाय. तुम्ही काय म्हणता?"

जुळवलेली वाक्यं माझ्या डोक्यात होती. पण समोर दाजी बसले होते, ज्यांच्या हातचा सोडा मी काल प्यालो होतो. मी म्हणालो, "दाजी मनानं वाईट न्हाईत. एकदा चूक झाली त्यांच्या हातून. पुन्हा व्हायला नको, एवढंच."

खोलीतली हवाच सैल झाली. चुलते म्हणाले, "ह्याला म्हणत्यात समजदार." ताई तेव्हा घागर घेऊन मधल्या दारात उभी होती. पदर ओला, चेहऱ्यावर पाण्याचे थेंब. ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, "एकदा, हे तुला कुणी सांगितलं?"

मी दाजींकडं पाहिलं. दाजींनीच माझी सुटका केली. हसत म्हणाले, "अगं, आम्हा दोघांचं काल बराबर बोलणं झालंय. पिक्चरला गेल्तो की आम्ही."

सगळे हसले. काका म्हणाले, "मंग झालंच की. मेव्हणे-दाजी पिक्चरला जाऊन राह्यले, अन् आपण इथं उगंच बसलोय."

"कोणता पिक्चर?" ताईनं विचारलं.

दाजींनी सांगितलं. ताईनं घागर तिथंच दारात ठेवली आणि आत गेली. आई चहा घेऊन आली. चहा झाल्यावर ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं.

संध्याकाळी ती कपड्यांची पिशवी भरत होती. भाची शेजारी बसून मोसंबी सोलत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते माहीत नव्हतं, पण न जाणं आणखी वाईट वाटलं असतं. ताई मुलीच्या फ्रॉकची घडी घालत म्हणाली, "आवडला का?"

"ठीक होता."

"खरं सांग."

"आवडला."

तिनं मान हलवली. "मलाबी आवडला असता. त्याचं काही न्हाई. पण तुला मी एक काम सांगितलं होतं."

मी म्हणालो की मी अजूनही काकांशी बोलतो, उद्याचं थांबवतो. ती म्हणाली, "आता नको. आता तू बोलला तर म्हणतील, भावाचाच ठिकाणा न्हाई." आणि तिचं बरोबर होतं. सकाळी ती गेली. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की दिवाळीला या, नवा पिक्चर टाकू.

त्यानंतर दीड वर्ष मी रोज कामावर जायचो आणि टेलिफोन वाजला की उचलायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचो. राजूरला गणपतीच्या दर्शनाला म्हणून दोनदा गेलो, आणि पुढं तिच्या गावाला जायचं धाडस न करता प्रसाद घेऊन परत आलो. काय बघायला मिळेल याची भीती होती. त्या मधल्या काळात माझं लग्न झालं. लग्नात माझा कान बायकोच्या भावानं पिळला, आणि लोक म्हणाले की नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं, फारच जोर लावला. ताई लग्नाला आली होती, पूर्ण बाह्यांच्या ब्लाऊजमध्ये, ऐन उन्हाळ्यात. मी विचारलं नाही. या खेपेला मला ऐकायची लाज नव्हती. मला माहीत होतं.

पिक्चर पुढं टीव्हीवर लागायला लागला. दर दोन-तीन महिन्यांनी लागतो. मी चॅनेल बदलतो असं म्हणायला मला आवडलं असतं. मालगाडीवरचा सीन आला की मी थांबतो, पूर्ण बघतो, आणि तो अजूनही झकास आहे. पिक्चर भिकार असता तर माझं किती बरं झालं असतं. चूक पिक्चरवर ढकलता आली असती. हिरोवर तर मी ढकलून पाहिलीच, पण त्यानं मला रजा टाकायला लावली नव्हती आणि बैठकीत तोंड माझंच उघडलं होतं.

ताई आली ती दुसऱ्या हिवाळ्यात, एकटी, मुलीला घेऊन, दिवसाच्या एसटीनं. आमच्या घरी आली नाही. भोकरदन नाक्याच्या बाजूला एका मैत्रिणीकडं उतरली, आणि मग तिथंच एक खोली घेऊन शाळेचे गणवेश शिवायला लागली. आईला आठ दिवसांनी कळलं. मी धान्य घेऊन गेलो तर तिनं ठेवून घेतलं, चहा केला, माझ्या बायकोची चौकशी केली. ती माझ्याशी बोलायची थांबली असती तर मला एक प्रकारे सोपं गेलं असतं. ती सगळं बोलायची. फक्त काम सांगायची नाही. गॅस संपला तर शेजाऱ्याला सांगायची, भाचीच्या शाळेत पालक म्हणून सही हवी असली तर मैत्रिणीच्या नवऱ्याला न्यायची. मी म्हणायचो, मला सांगत जा ना. ती म्हणायची, सांगते की, आणि सांगायची नाही.

बैठक तिनं या वेळी होऊ दिली नाही. कोर्टात गेली. वकिलाकडं पहिल्यांदा जायचं होतं तेव्हा मीच मागं लागून बरोबर गेलो. वकील वयस्कर होते, सावकाश लिहून घेत होते. किती वर्षं, कधीपासून, किती वेळा. ताई सांगत गेली आणि मी ते पहिल्यांदा ऐकलं. हात मोडला ती सहावी वेळ होती. त्याच्या आधी एकदा तिला रात्रभर दुकानाच्या गोदामात कोंडलं होतं, आणि लेकीला सांगितलं होतं की आई गावाला गेली.

वकील म्हणाले की साक्षीदार लागतील. माझ्याकडं पेनानं दाखवून म्हणाले, "भाऊ आहेतच. प्लास्टर यांनी पाहिलंय. बैठकीला पण होते." आणि त्यांनी माझं नाव विचारून कागदावर लिहिलं.

"ह्याचं नको," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दुकानात एखादा रंग नको म्हणावं तसा. "ह्याची साक्ष झालीय एकदा."

वकिलांनी आम्हा दोघांकडं पाहिलं. मग माझ्या नावावर रेघ मारली आणि तिच्या शेजारणीचं नाव विचारलं.